पोळ्याचा बैल सगळ्यांच्या हातचा

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी (पद्मश्री, २०२४) बेवारस दिव्यांग मुलांना घर दिलं. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाची बौद्धिक वाढ मंद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मग एकच चित्रकलेचा तास सगळ्यांना कसा पुरेल?

तास प्रत्येकाला जमेल असा करायला महागडं साहित्य लागत नाही. अमरावती-अकोल्याची काळी माती चिकट असते, आकार छान धरते. पोळ्याचा बैल करताना न दिसणाऱ्या मुलाला आधी तयार बैल चाचपू द्यावा : वशिंड, शिंगं, शेपूट. चित्राच्या रेघेवर सुतळी चिकटवली की ती बोटांना कळते. ढगाला कापूस, शेताला तुरीचे दाणे. मात्र वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांपासून दाणे दूरच ठेवावेत. पकड कमजोर असेल तर ब्रशच्या दांडीला कापड गुंडाळावं, कागद टेबलाला चिकटपट्टीनं पक्का करावा. ऐकू न येणाऱ्या मुलाला प्रत्येक पायरी करून दाखवावी. ओल्या मातीचा स्पर्श नकोसा वाटणाऱ्याला ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करू द्यावी.

मुलाचा हात धरून आपणच बैल पुरा करू नका. वाकडा झाला तरी तोच पोळ्यात मांडा.