जुन्या संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे : जोडी बदलावी की मोडावी?

भिलाई : खेळांसाठी आठ-दहा वर्षांपूर्वी जुळवलेल्या संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे असतील आणि नवे खेळ अडखळू लागले असतील, तर पुन्हा जोडीच आणावी की एकच नवे कार्ड घ्यावे, असा प्रश्न उभा राहतो. वापर केवळ खेळांपुरता असेल, तर एकच नवे कार्ड घेणे हिताचे ठरते.

जोडी कशी चालते?

दोन कार्डांकडून एकच खेळ चालवून घेण्याची ‘एसएलआय’ पद्धत थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये आणली. एनव्हिडियाने २००४ मध्ये हेच नाव नव्या तंत्रासह वापरात आणले आणि पुढच्या वर्षी एटीआयचे ‘क्रॉसफायर’ आले. यात बहुधा एक फ्रेम पहिले कार्ड रेखाटते, तर पुढची दुसरे. मात्र खेळाची सर्व सामग्री दोन्ही कार्डांना आपापल्या मेमरीत ठेवावी लागते. त्यामुळे ४ जीबीची दोन कार्डे लावूनही खेळाला ४ जीबीच मिळतात. फ्रेममधील अंतर असमान झाल्यास चित्र झटके खाते.

पाठबळ का संपले?

प्रत्येक खेळासाठी ड्रायव्हरमध्ये स्वतंत्र ‘प्रोफाइल’ लागे. आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या मालिकांसाठी नवी प्रोफाइल देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवले. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४० मालिकेत तर कार्डे जोडण्याची सोयच नाही. डायरेक्टएक्स १२ ने ही जबाबदारी खेळ तयार करणाऱ्यांवर सोपवली. ती मोजक्यांनीच उचलली. परिणामी बहुतेक नव्या खेळांत दुसरे कार्ड रिकामेच बसते.

विजेचा हिशेब

२०१४ मधील जीटीएक्स ९७० ची निर्धारित वीज १४५ वॅट, म्हणजे जोडीची २९०. २०२३ मधील आरटीएक्स ४०६० अधिक वेगवान असूनही तिची मर्यादा ११५ वॅट आहे. पूर्ण भाराने रोज चार तास खेळल्यास महिन्याला सुमारे २१ युनिटांचा फरक पडतो. भिलाईत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ही जादा उष्णता खोलीतच साठते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

प्रथम एसएलआय बंद करून आपला नेहमीचा खेळ चालवावा. वेग तेवढाच राहिला, तर दुसऱ्या कार्डाचा उपयोग होत नाही, हे उघड आहे. त्यानंतर रिझोल्यूशन कमी करून पाहावे. तरीही वेग वाढला नाही, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो आणि नव्या कार्डावरील खर्च वाया जाऊ शकतो. कॅबिनेटमधील जागा आणि पॉवर सप्लायची क्षमताही पाहावी. एसएलआयला अनुकूल जुनेच खेळ खेळायचे असतील, तर खर्चाची घाई नको.

अपवाद कोणता?

ब्लेंडरमधील रेंडरिंग किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घडवणे, अशी कामे एसएलआयविनाही दोन कार्डांत विभागता येतात. आयआयटी भिलाईची स्थापना २०१६ मध्ये झाली. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांना या कामांसाठी दुसरे कार्ड उपयोगी पडू शकते. निव्वळ खेळणाऱ्याने मात्र दोन कार्डांचे पैसे एकाच चांगल्या कार्डात घालावेत.