'सावकाश चालवा' हे रस्त्यानेच सांगावे

राहत्या वस्तीत अपघात झाला की दोन गोष्टी हमखास होतात. गल्लीच्या तोंडाशी 'वाहने सावकाश चालवा' असा फलक लागतो आणि रहिवाशांनी फारच लावून धरले, तर रातोरात डांबराचा एक उंचवटा येऊन पडतो. दोन्हींमागची कळकळ खरी असते, पण फलक सगळा भार चालकाच्या सद्‌बुद्धीवर टाकतो आणि मापाविना घातलेला उंचवटा नवे धोके निर्माण करतो. ज्या रस्त्यावर मुले खेळतात, आजी-आजोबा फिरायला निघतात आणि भाजीची गाडी उभी राहते, त्याची सुरक्षितता कुणाच्या मर्जीवर सोडता येत नाही. ती रस्त्याच्या बांधणीतच असावी लागते.

मुळात प्रश्न वेगाचा आहे. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते. चेंडूमागे धावलेले मूल दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर ब्रेकनंतरचे ५ मीटर धरून ती साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५०ने येणाऱ्या चालकाचा पाय तेवढ्या अंतरात ब्रेकपर्यंत पोचलेलाही नसतो. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरी पूर्ण वेगात असते आणि तिच्या धडकेतली ऊर्जा पावणेतीनपट असते. पादचारी आणि वाहने जिथे एकाच रस्त्यावर वावरतात, तिथे ताशी ३० हीच मर्यादा असावी, असे फेब्रुवारी २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने म्हटले ते याचसाठी. आपल्याकडे मात्र केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीत मोटारींना ताशी ७०पर्यंत मुभा आहे. ती कमी करण्याचा अधिकार राज्यांना आहे आणि तो वापरायला हवा. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते.

पण नुसती मर्यादा जाहीर करून भागत नाही. बेलफास्टच्या मध्यवर्ती भागात २०१६ साली फक्त फलक लावून ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा आणली गेली. पुढच्या तीन वर्षांत अपघातांत फारसा फरक पडल्याचे दिसले नाही. लंडनमध्ये तीच मर्यादा उंचवटे आणि अरुंद केलेले रस्ते यांच्या जोडीने आली. १९८६ ते २००६ या काळाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या भागांत जखमी आणि मृतांचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. चालक फलकापेक्षा समोरचा रस्ता वाचतो. सरळ, रुंद, गुळगुळीत काँक्रीट पाहिले की ॲक्सिलरेटर आपसूक पिळला जातो.

आपल्या गल्ल्यांत हे फारसे खर्चिक नाही. कोपऱ्याची गोलाई कमी केली की रिक्षाला वळताना वेग उतरवावाच लागतो. शाळेच्या किंवा बागेच्या दाराशी रस्ताच फुटपाथच्या उंचीला आणला, तर चालणाऱ्याला उतरावे लागत नाही, गाडीला चढावे लागते. कोपऱ्यालगतचे पार्किंग हटवले की उभ्या गाडीआडून येणारे मूल वेळेत दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत वस्तीतला फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असे सांगितलेलेच आहे. त्याहून उंच कडेवर गुडघे दुखणारा माणूस चढत नाही. तो गाड्यांमधून चालतो.

यावर पहिला आक्षेप पाठदुखीचा आणि रुग्णवाहिकेचा. तो रास्त आहे, पण आपण ज्यांवर आदळतो ते उंचवटे बहुधा बेमापी असतात. मानक गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ने तो हिसका न बसता ओलांडता येतो. वेळ वाया जातो म्हणावे, तर अर्धा किलोमीटरच्या गल्लीत ५०ऐवजी ३०ने गेल्यास फार तर २४ सेकंद जास्त लागतात. वाहतूक शेजारच्या रस्त्यावर जाऊन तिथे अपघात वाढतील, ही भीती लंडनने खोटी ठरवली. लगतच्या भागांतही जखमी आणि मृत वाढले नाहीत, किंचित घटलेच. राहिला शिस्तीचा मुद्दा. शिस्त हवीच, पण शिस्तीच्या माणसाचीही नजर क्षणभर चुकते. त्या चुकीची शिक्षा एखाद्या मुलाला मृत्यूच्या रूपाने मिळू नये, एवढी सोय रस्त्यात असलीच पाहिजे.

यासाठी योग्य वेळ वारंवार येते. ड्रेनेजसाठी किंवा काँक्रिटीकरणासाठी गल्ली खणली जाते, तेव्हाच तिचा आराखडा बदलणे सर्वांत स्वस्त पडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९८अ कलमाने रस्त्याच्या सदोष रचनेची जबाबदारी यंत्रणा आणि कंत्राटदारावर टाकली आहे. त्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून काम सुरू होण्याआधी रहिवाशांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन आराखडा मागावा आणि फुटपाथ किती रुंद, वळण किती तीव्र, गतिरोधक कोणत्या मापाचा, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. काँक्रीट ओतल्यावर हेच प्रश्न विचारले, तर उत्तर पुढच्या खोदकामापर्यंत लांबते.