45 अंशांवरची दोन शिखरं

दुसऱ्या महायुद्धापर्यंत चांगल्या कपॅसिटरमध्ये दोन धातूच्या पत्र्यांच्या मधे अभ्रक असायचं, आणि जगाला उत्तम अभ्रक पुरवायचं आपल्या बिहारमधलं कोडरमा. (आता ते झारखंडात आहे.) युद्धात रेडिओ-रडारची मागणी वाढली, समुद्रमार्ग धोक्याचे झाले आणि अभ्रक कमी पडू लागलं. पर्याय शोधताना अमेरिका, जपान आणि रशियातली मंडळी, एकमेकांची खबर नसताना, एकाच पदार्थापाशी पोचली: बेरियम टायटॅनेट. अभ्रकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सहा-सात, याचा हजाराच्या वर. म्हणजे तेवढ्याच जागेत शेकडो पट जास्त विद्युतभार साठतो.

जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात मी एम.एस्सी.च्या मुलांकडून हाच पदार्थ करून घेते. बेरियम कार्बोनेट (पूर्वी हे उंदरांचं औषध म्हणून विकत, त्यामुळे हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही) आणि टायटॅनियम डायॉक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातलीच पूड. अकीकाच्या खलात अ‍ॅसिटोन घालून घोटायचं. मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. मी घोटायला लावते. मग अकराशे अंशांच्या आसपास भाजायचं, पुन्हा घोटायचं, प्रेसमध्ये दाबून चकत्या पाडायच्या आणि तेराशेच्या वर सिंटर करायच्या. चकती भट्टीतून आक्रसून बाहेर येते, बोटाने टिचकी मारली की खणकन वाजते. वाजली नाही तर आत पोकळी राहिली, पुढचं मोजमाप फुकट.

आतली रचना सांगायला सोपी आहे. घनाच्या आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन, पोटात टायटॅनियम. 1839 साली गुस्ताव रोझने उरल पर्वतातल्या एका खनिजाला पेरोव्स्काइट नाव दिलं, त्याच घराण्यातली ही रचना. फक्त त्या खनिजात कोपऱ्यांवर असलेल्या अणूपेक्षा बेरियम मोठा, त्यामुळे टायटॅनियमला पोटात थोडी ऐसपैस जागा मिळते आणि तो मधोमध न बसता एका बाजूला सरकतो. सरकतो किती, तर अँगस्ट्रॉमच्या दहाव्या भागाच्या आसपास. तेवढ्याने घनाची उंची रुंदीपेक्षा एखादा टक्का वाढते. हेलन मेगॉ यांनी 1945 साली क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. आमच्या एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखातही ती दिसते: 45 अंशांच्या कोनाजवळ एकाऐवजी दोन शिखरं, एक उंचीचं, एक रुंदीचं. चकती 120 अंशांच्या पुढे तापवली की टायटॅनियम मध्यावर येतो, घन सरळ होतो, दोन्ही शिखरं एक होतात. नेमकं त्याच तापमानाला स्थिरांक दहा हजारांच्या घरात उसळतो.

अडचण तिथेच आहे. 120 अंशांत कुणाचा रेडिओ चालतो?

म्हणून जाणूनबुजून भेसळ. शंभरातल्या एका बेरियमच्या जागी त्याच्यापेक्षा लहान स्ट्रॉन्शियम बसवला की हे तापमान तीन-साडेतीन अंशांनी खाली येतं. तीस घातले की उसळी थेट खोलीच्या तापमानापाशी. आलेखात ती दोन शिखरं टक्क्याटक्क्याने जवळ सरकत एकमेकांत मिसळताना पाहणं हा आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात देखणा प्रकार. शिसं घातलं तर उलट, तापमान वर चढतं. लँथॅनमची तर चिमूटही जास्त: टक्क्याच्या काही दशांशातच पांढरी चकती निळसर-काळी पडते आणि चक्क वीज वाहू देते. तीच 120 अंशांच्या पुढे वीज अडवते. डास पळवणाऱ्या द्रवाच्या यंत्रात अशीच चकती बसवतात. तापमान ती स्वतःच सांभाळते, वेगळा थर्मोस्टॅट लागत नाही.

पण स्थिरांक किती उंच गेला यावरच प्रबंध लिहायची आपल्याकडे खोड आहे, ती मला पटत नाही. उंच शिखर म्हणजे दोन्ही बाजूंना खोल उतार. दुपारी गाडीत तापलेला फोन आणि एसीतला फोन, दोन्हीकडे कपॅसिटर सारखाच चालायला हवा. बाजारात ‘एक्स7आर’ नावाने विकल्या जाणाऱ्या कपॅसिटरची अट अशी: उणे 55 ते 125 अंशांपर्यंत क्षमता 15 टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. हे साधायला कारखानदार भेसळ पुरती मुरूच देत नाहीत. प्रत्येक कणाच्या सालीत ती शिरते, गाभा शुद्ध राहतो. गाभ्याची उसळी एका तापमानाला, सालीची खालच्या तापमानांवर पसरलेली, आणि बेरीज बरीचशी सपाट. मायक्रॉनहून पातळ असे शेकडो थर एकावर एक रचून तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर होतो.

आमच्या एका विद्यार्थिनीने झिर्कोनियमची भेसळ केलेली चकती घाईने भाजली, मिश्रण नीट मुरलं नव्हतं, स्थिरांकाच्या आलेखात टोकदार शिखराऐवजी बसकं पठार आलं. ती नमुना टाकून द्यायला निघाली होती. मी तो ठेवून घेतला आणि पुढच्या तुकडीला आधी तोच मोजायला दिला.