समुद्री शेवाळ आणि अँटिऑक्सिडंट

चिरलेले सफरचंद थोड्या वेळाने तपकिरी पडते. लिंबू पिळले तर बराच वेळ पांढरे राहते. हवेतील ऑक्सिजनचे काम लिंबातील आम्ल आणि क जीवनसत्त्व रोखून धरतात. क जीवनसत्त्वासारख्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

समुद्री शेवाळाला त्यांची फार गरज असते. ओहोटीला ते कडक उन्हात उघडे पडते. तीव्र प्रकाशात त्याच्या पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. बचावासाठी तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझॅन्थिन असतात. तपकिरी रंगही फ्युकोझॅन्थिनचाच. आपल्या देशाच्या किनाऱ्यावरील सरगॅसम याच गटातले.

अशा शेवाळाच्या कॅप्सूल मुलांना द्याव्यात का, असे काही पालक आम्हाला विचारतात. परीक्षानळीत हे पदार्थ उत्तम काम करतात. पण परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर बीटा कॅरोटिन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला: त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी न होता वाढलाच. शिवाय केल्पसारख्या शेवाळात आयोडीन भरपूर असते. ते अति झाले की थायरॉइडचे काम बिघडते.

म्हणून आमची विनंती, जाहिरात पाहून कॅप्सूल आणू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे. आवळा, पेरू, पालक मात्र ताटात जरूर असावेत. आणि मुलांनी सफरचंदाचा प्रयोग घरी करून निरीक्षण वहीत लिहावे.