ट्यूबखालची कोथिंबीर

घराच्या आत, दिव्याच्या उजेडात रोपं वाढवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात दरवर्षी घरोघरी होतो, आणि करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. घटस्थापना! देवघराच्या कोपऱ्यात पत्रावळीवर वावरी पसरायची, त्यात गहू-ज्वारी टाकायची, मधे घट, शेजारी नऊ दिवस अखंड नंदादीप. तिकडे संभाजीनगरात कर्णपुऱ्याची यात्रा रंगात येते, इकडे घरात धान वीतभर वाढतं. दसऱ्याला तेच टोपीत खोवून मंडळी सोनं वाटायला निघतात.

आता त्या धानाचा रंग आठवा. पिवळंधमक! उंचही केवढं झालेलं, आणि बोट लावलं की लवतंय. अंधारात उगवलेल्या कोंबाला वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत. मग दाण्यातली सगळी शिदोरी तो उंची गाठण्यात खर्च करतो. हरितद्रव्य बनवण्याची शेवटाकडची एक पायरी उजेडाशिवाय पार पडत नाही, म्हणून हिरवा रंग येत नाही. तेच धान उन्हात ठेवलं तर दिवसभरात हिरवं पडायला लागतं. गॅलरीतली कोथिंबीर लांबुळकी, फिकट होऊन आडवी होत असेल, तर तिचंही हेच दुखणं आहे. खत घालून ते बरं होत नाही.

कोजागिरी ते भर दुपार

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे अव्वल थापाडे. कोजागिरीच्या चांदण्यात दुधातली चारोळी दिसते, पण तो उजेड पाव लक्सच्या आसपास. नंदादीपाच्या ज्योतीचा एक फुटावर साधारण १० लक्स. रात्री ट्यूब लावलेला हॉल आपल्याला लख्ख वाटतो, तिथे असतात जेमतेम २०० लक्स. आणि मे महिन्यात क्रांती चौकात दुपारी बारा वाजता? एक लाख!

म्हणजे हॉल आणि चौक यांच्यात पाचशे पटींचा फरक, आणि डोळ्याला तो जाणवतो फार तर पाच-दहा पट. हॉलच्या कोपऱ्यात 'भरपूर उजेड आहे की' म्हणून ठेवलेली तुळस महिन्याभरात का मान टाकते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तिथे तग धरतात, कारण त्यांच्या मूळ जागी त्यांना मोठ्या झाडांच्या सावलीची सवय आहे.

मोबाइलमध्ये लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं. अगदी काटेकोर नसतं, पण डोळ्यापेक्षा नक्कीच प्रामाणिक.

जांभळ्या दिव्याचं प्रकरण

'ग्रो लाइट' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर असतो तसला जांभळा झगमगाट. त्यामागचं शास्त्र जुनं आहे. १८८२ मध्ये थिओडोर एंगलमान या जर्मन संशोधकाने लोलकातून पाडलेला सप्तरंगी पट्टा शेवाळाच्या तंतूवर टाकला आणि पाण्यात ऑक्सिजनची आवड असलेले जिवाणू सोडले. जिवाणूंनी तांबड्या आणि निळ्या रंगाशी गर्दी केली. ऑक्सिजन तिथे जास्त तयार होत होता. मोजायला यंत्र नव्हतं, जिवाणूंनाच कामाला लावलं!

त्यातून समज पसरला की झाडाला हिरवा उजेड नकोच. तो अर्धवट खरा आहे. पान हिरवा उजेड थोडा परतवतं, म्हणून तर ते हिरवं दिसतं. पण बहुतेक हिरवा उजेड शोषूनही घेतं, आणि तो पानात तांबड्या-निळ्यापेक्षा खोलवर पोचतो. त्यामुळे साधा पांढरा एलईडी झाडाला छान चालतो. जांभळ्याचा एक खरा फायदा आहे आणि तो विजेचा. तांबड्या प्रकाशकणात निळ्यापेक्षा कमी ऊर्जा असते, म्हणून तेवढ्याच विजेत तांबडे कण जास्त निघू शकतात. आणि पानाचं काम दोन्ही कणांवर सारखंच भागतं, निळ्यातली वरकड ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

पण जांभळ्या उजेडात पानावरची कीड, पिवळे डाग काही दिसत नाही. अंतराळ स्थानकावरच्या 'व्हेजी' नावाच्या नासाच्या वाफ्यात तांबड्या-निळ्यासोबत हिरवे एलईडीही बसवले आहेत, ते माणसांसाठी. पाला काळपट दिसला तर खायचा कोण? ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी त्या वाफ्यातला लेट्यूस खाल्ला.

माझं मत विचाराल तर घरात पांढराच लावा. बैठकीच्या खोलीत जांभळा दिवा लावला की शेजारी पहिल्या दिवशी चौकशी करतात आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी समजून जातात.

३१० चा बल्ब ३८ वर

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा दिवा, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. बंद पडलेल्या एलईडी बल्बची टोपी काढून बघा, पिवळे चौकोनी ठिपके दिसतील, तेच ते. निळा एलईडी बनवायला जग अनेक वर्षं झटलं. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे सरकारी खरेदीत एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. 'उजाला' योजनेत इतकी घाऊक खरेदी झाली की २०१६ मध्ये दर ३८ रुपयांवर आला. आज गल्लीतल्या दुकानातल्या बॅटनचा उजेड वॅटला १०० लुमेनच्या घरात असतो, आणि उत्तम चिप २०० च्या वर जाते.

आता पक्कड घ्या

एक लोखंडी रॅक घ्या, चार फूट लांब, फूटभर खोल. गुलमंडीच्या गर्दीत शिरा नाहीतर कॅनॉटला जा, २० वॅटच्या चार फुटी एलईडी बॅटन सगळीकडे मिळतात. दोन पुरेत. खोक्यावर ४००० के किंवा ६५०० के असं लिहिलेलं असतं. ६५०० च्या उजेडात निळा अंश जास्त, रोप ठेंगणं-गुटगुटीत राहतं. पालेभाजीला दोन्ही चालतात.

बॅटन वरच्या फळीला पातळ साखळीने टांगा, म्हणजे रोप वाढेल तशी वर घेता येते. पानाच्या टोकापासून आठ-दहा इंच. इथेच बहुतेकांची गफलत होते, दिवा छताला आणि कुंडी जमिनीवर! बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई उरतो. लांब पट्टी जवळ असेल तर साधारण निम्मा. म्हणून रॅकवर बॅटनच बरी. एकाच ठिकाणी भगभग न करता सगळ्या ट्रेवर उजेड सारखा पडतो.

दोन बॅटनखाली सहा-सात हजार लक्स मिळावेत. झाडाच्या हिशोबात सांगायचं तर दर चौरस मीटरवर सेकंदाला १०० मायक्रोमोल प्रकाशकण. चौदा तास चालू ठेवलं तर दिवसाला ५ मोल. उघड्या गच्चीवर कडक उन्हाच्या दिवशी हाच आकडा ४० च्या आसपास जातो. ५ मोलवर मेथी, कोथिंबीर, मोहरीची कोवळी रोपं मजेत येतात. टोमॅटोला २० तरी लागतात. हिमायतबागेतल्या आंब्याला जे फुकट मिळतं ते रॅकवर विकत घ्यायचं असेल, तर आधी वीजबिलाकडे बघा.

ज्यांचा हात सोल्डरिंगवर बसलाय त्यांच्यासाठी पुढची पायरी. एलईडीला पूर्ण करंट दिला की तो तापतो आणि वॅटमागे उजेड कमी देतो. निम्मा करंट द्या, उजेड निम्म्याहून जास्त उरतो. म्हणून एका स्थिर करंटच्या ड्रायव्हरवर एकाच जातीच्या दोन पट्ट्या समांतर जोडा. करंट दोघींत वाटला जातो, वीज जवळपास तेवढीच, उजेड जास्त, आणि पट्टी हाताला कोमट लागते. दोन बैल छातीफोड ओढतात तेच औत चार बैल डुलत-डुलत ओढतात, त्यातला प्रकार. महागड्या ग्रो लाइटचं बरंचसं गुपित एवढंच आहे: चिपा भरपूर, ताण कमी.

'एलईडी तापत नाही' ही आणखी एक लोककथा. साध्या ९ वॅटच्या बल्बमध्ये उजेड होतो जेमतेम ३ वॅटचा, बाकी ६ वॅट उष्णता. ती पुढे न येता पाठीमागून निघते, म्हणून पट्टीमागे ॲल्युमिनियमचा चॅनल हवाच. त्यातून आपलं शहर! मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बल्ब 'उडाला' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा एलईडी ठणठणीत असतो, ड्रायव्हरमधला कपॅसिटर आटलेला असतो. तापमान १० अंशांनी उतरलं की त्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ड्रायव्हर रॅकच्या बाहेर, हवेशीर लावा.

आणि उजेड वाढावा म्हणून चालू बल्बची टोपी काढण्याचा उद्योग नको. स्वस्त बल्बमध्ये त्या पिवळ्या ठिपक्यांचा थेट मेनशी संबंध असतो, आणि तुमच्या दुसऱ्या हातात पाण्याचा स्प्रे. ॲल्युमिनियमच्या चॅनलला अर्थिंग द्या. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातच टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

चुना लावा

चांगल्या अर्थाने! रॅकच्या तिन्ही बाजूंना लोक चकचकीत फॉइल चिकटवतात. फॉइल चुरगळते, मळते, कुठे तिरीप मारते तर कुठे काहीच नाही. साधा बिनचकाकीचा पांढरा रंग ८० टक्क्यांहून जास्त उजेड परतवतो आणि तो सगळीकडे पसरवतो. पांढरा सनबोर्ड किंवा थर्माकोल लावला तरी भागतं. खर्चाच्या मानाने या अख्ख्या खटाटोपात सगळ्यात जास्त फायदा इथे आहे.

रात्र हवीच

चोवीस तास दिवा चालू ठेवला तर रोप दुप्पट वाढेल, हा हिशोब टोमॅटो तर हाणूनच पाडतो. सततच्या उजेडात त्याची पानं पिवळी पडतात. काही झाडं तर रात्रीवरच पंचांग चालवतात. संभाजीनगरात २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, २२ डिसेंबरचा अकराच्या आतबाहेर. एवढ्याशा फरकावरून शेवंती ओळखते की आता फुलायची वेळ झाली. मध्यरात्री थोडा वेळ तांबडा दिवा लावला की ती फसते, तिला वाटतं रात्र संपली, फुलं लांबतात. उलट ड्रॅगन फ्रूटला लांब दिवस लागतो. व्हिएतनामच्या बिन्ह थुआनमध्ये रात्री दिव्यांनी उजळलेल्या त्याच्या बागा दूरवर पसरलेल्या दिसतात, आणि महाराष्ट्रातले काही बागायतदारही बिगरहंगामी फळासाठी हीच युक्ती करतात.

आपल्या रॅकला दोन-तीनशे रुपयांचा टायमर बसवा. पहाटे सहा ते रात्री आठ. गावाला गेलात तरी शेजाऱ्यांना किल्ली द्यायला नको, निदान दिव्यासाठी तरी. पाण्याचं तुम्ही बघा. नळ कधी येणार हा विषय या शहरात कुणाला नव्याने सांगायला नको.

बाटलीत फुललेला बांबू

घरातल्या शेतीचा सगळ्यात भन्नाट किस्सा पुण्याचा. काटेरी बांबू काही दशकांतून एकदाच फुलतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काचेच्या बाटलीत काही महिन्यांत फुलवला! १९९० मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. श्रेय दिव्याचं नाही, बाटलीतल्या द्रावणात घातलेल्या संप्रेरकाचं आणि नारळाच्या पाण्याचं. पण कुठलंही टिश्यू कल्चर बघा, बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात रॅकवर आणि वर असतात ट्यूब. जळगावच्या केळीची लाखो रोपं आधी असल्याच खोल्यांत वाढतात आणि मग वावरात जातात.

बाटलीत बांबू, तशी अंतराळात डब्यातली चवळी! ३० डिसेंबर २०२४ ला झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी६० बरोबर इस्रोने एका बंद डब्यात चवळीच्या आठ बिया पाठवल्या. चार दिवसांत कोंब आले, मग पानंही फुटली.

मीटर लुकलुकतो

दोन बॅटन म्हणजे ४० वॅट. चौदा तासांचे रोज ०.५६ युनिट, महिन्याला १७. तुमच्या बिलातला दर लावून गुणा आणि कोथिंबिरीच्या जुडीशी ताडून बघा. श्रावणात जुडी महागते तेव्हा सौदा जरा बरा वाटतो, हिवाळ्यात अजिबात परवडत नाही. तेव्हा रॅकवर रोपवाटिका करावी.

खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या कितीतरी ग्रो लाइटवर '३०० वॅट' छापलेलं असतं आणि दिवा ओढतो त्याचा दहावा हिस्सा. तपासायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. घरातलं फ्रिजसकट सगळं बंद करा, फक्त तो दिवा चालू ठेवा आणि मीटरवरचा छोटा लाल दिवा बघत उभे राहा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं. समजा ३२०० असेल, तर दोन बॅटनवर तो साधारण २८ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. ३०० वॅट खरे असतील तर पावणेचार सेकंदांना एकदा लुकलुकायला हवा. तुम्ही अर्धा मिनिट ताटकळलात आणि एकदाच लुकलुकला, तर खोकं पुन्हा चिकटपट्टीने बंद करा आणि माल परतीला लावा.