एका गावाचं हायस्कूल आणि अख्खी संसद

फिलिपीन्सच्या संसदेने केलेले कायदे चाळायला घ्या. करआकारणी, संरक्षण, निवडणुका अशा भारदस्त विषयांच्या मधोमध एखादं शीर्षक येतं: अमुक नगरपालिकेतल्या तमुक बारांगायमध्ये राष्ट्रीय हायस्कूल स्थापन करण्याबाबत आणि त्यासाठी निधीची तरतूद करण्याबाबत अधिनियम. बारांगाय म्हणजे तिथला प्रशासनाचा सर्वांत लहान घटक, साधारण गाव किंवा शहरातला एखादा मोहल्ला. आणि असे कायदे शेकड्यांनी आहेत! आपल्याकडे सरकारी शाळेला मंत्रालयातला जीआर पुरतो. तिथे एका हायस्कुलासाठी देशाची संसद बसते.

बसते म्हणजे कशी, ते पाहण्यासारखं आहे. स्थानिक विषयाचं विधेयक १९८७च्या राज्यघटनेनुसार कनिष्ठ सभागृहातच मांडावं लागतं. पहिल्या वाचनात फक्त क्रमांक आणि शीर्षक वाचून ते समितीकडे जातं. दुसऱ्या वाचनात चर्चा आणि दुरुस्त्या होतात. तिसऱ्या वाचनात मात्र एक स्वल्पविरामही हलवता येत नाही, थेट मतदान. ही तीन वाचनं वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवीत आणि अंतिम मसुद्याची छापील प्रत मंजुरीच्या तीन दिवस आधी प्रत्येक सदस्याला मिळायला हवी.

मग हे सगळं सिनेटमध्ये पुन्हा पहिल्यापासून. सिनेटच्या २४ सदस्यांना मतदारसंघ नसतो, त्यांना सारा देश निवडून देतो. म्हणजे ज्या बेटावर कधी पाऊलही ठेवलं नसेल, तिथल्या सातवीच्या वर्गासाठी हे लोक मत देतात आणि कोणी काय मत दिलं याची कामकाजात नोंद राहते. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. शेवटी विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे जातं. त्यांनी ३० दिवसांत सही केली नाही आणि नकारही कळवला नाही, तर ते आपोआप कायदा होतं. कित्येक हायस्कुलं अशी सहीविनाच जन्माला आली आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? पुष्कळदा शाळा आधीपासून चालूच असते. मुलं येतात, शिक्षक शिकवतात, पण कागदोपत्री ती लांबच्या मोठ्या हायस्कुलाची ‘ॲनेक्स’, म्हणजे शाखा, असते. मुख्याध्यापक तिथले, पैसाही त्या शाळेच्या नावावर येणार आणि तिथून झिरपणार. १९८८च्या ६६५५ क्रमांकाच्या कायद्याने सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत झालं खरं, पण ॲनेक्सचं परावलंबन त्याने संपलं नाही. ते संपवतो तो ॲनेक्स वेगळी करणारा कायदा, आणि त्यातलं एक कलम मला फार आवडतं: शाखेचे कर्मचारी, मालमत्ता, देणी आणि दप्तर नव्या शाळेकडे सोपवण्याचं. बाकं आली, हजेरीपट आले, आणि उधारीसुद्धा आली. घरातून वेगळं निघालेल्या धाकट्या भावाच्या हातात पडावा तसा हा रीतसर वाटणीचा कागद आहे.

कायदा झाला म्हणून लगेच इमारत उभी राहते असं नाही. पैसा वार्षिक अर्थसंकल्पाच्या कायद्यातून यायचा असतो आणि त्याची वाट पाहावी लागते. पण आता ती शाळा स्वतःच्या नावाने मागणी करू शकते. आणि ते नावच बदलायचं ठरलं, एखाद्या जमीनदात्याचं किंवा दिवंगत शिक्षकाचं द्यायचं झालं, तर? नुसता फलक रंगवून भागत नाही. त्यालाही पुन्हा कायदाच लागतो: दोन सभागृहं, सहा वाचनं आणि राष्ट्राध्यक्षांचे ३० दिवस.