आधी तास विचारा
हातात धरून खेळायच्या यंत्राची पहिली कसोटी ताकद नव्हे, बॅटरी आहे. १९८९ साली आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक चाले. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचा रंगीत गेम गिअर सहा सेल काही तासांतच संपवी. बाजार गेम बॉयने जिंकला. कमी किंमत आणि टेट्रिस हा खेळ यांचाही त्यात वाटा होता, हे मान्य. आजचे खेळ अवजड आहेत, त्यांना ताकद लागतेच, हा आक्षेपही रास्त आहे. तरी जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्याच स्विच २ची बॅटरी कंपनीच्याच अंदाजाने दोन ते साडेसहा तास टिकते. २०१९च्या सुधारित स्विचला साडेचार ते नऊ तास मिळत. ही मला पीछेहाट वाटते. व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये आपल्या स्टीम डेक या हातातल्या यंत्राला ओलेड पडदा देताना वेग जवळपास तसाच ठेवला आणि बॅटरी वाढवली. हा निर्णय अधिक शहाणपणाचा होता. नवे यंत्र घेताना दुकानदाराला आधी तासच विचारा.